पप्पांच्या कबरीचा दगड : भुसावळकडच्या मिस्तरींचा अनुभव

भुसावळ, जळगाव, यावल, वरणगाव या पट्ट्यातल्या आपल्या ख्रिस्ती लोकांना उपयोग होईल म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. घरातलं कोणी प्रभूकडे गेलं की दफनविधीचं सगळं पाळक साहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आणि मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, मिळून बघतात, पेटी मिळते, गाडी मिळते, माणसं येतात, पण पुढे कबरीवर दगड बसवायची वेळ आली की कोणालाच नीट माहिती नसते, जो तो ओळखीच्या फरशीवाल्याकडे जातो आणि मग सेमेटरीत चक्कर मारा म्हणजे दिसेल, कुठे अक्षरांचा रंग उडालाय, कुठे अख्खी फरशी एका बाजूला खचलीये, कुठे माणसाच्या नावातली वेलांटीच चुकलीये.

आम्ही पप्पांचा दगड ज्यांच्याकडे केला ते मिस्तरी हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये काम करतात. बाहेर ग्रॅनाइट, मार्बल, कोटा, शहाबाद, तुळशी वृंदावन, कबरीची फरशी असं सगळं एकाच पाटीवर लिहिलंय. त्यांचं नाव आणि नंबर इथे टाकत नाहीये कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलं, हाताने कोरणारे ते एकटे आहेत, पोरगा कटिंग आणि पॉलिशचं बघतो, आलेलं कामच वेळेत होत नाही म्हणतात. भुसावळमधल्या पाळकांना विचारा, बहुतेकांना माहीत आहेत. मंदिरातल्या देणगीदारांच्या पाट्या, मुसलमान भावांच्या तुर्बतीच्या पाट्या, आपले क्रूस, सगळं करतात, आणि गेल्यागेल्या आधी विचारतात, कॅथलिक का प्रोटेस्टंट, कारण कॅथलिक लोकांना क्रूसावर येशूची मूर्ती आणि वर आयएनआरआय ही येशूच्या क्रूसावरच्या पाटीची अक्षरं लागतात आणि आपल्याला साधा क्रूस लागतो हे त्यांना पाठ आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. त्यांनी आमची ऑर्डर घेतलीच नाही. पप्पा एप्रिलमध्ये गेले आणि भावाचं म्हणणं होतं की मे महिन्यात सगळे नातेवाईक सुट्टीला आलेले असतात तोवर दगड बसवून टाकू. मिस्तरी मूळचे अमळनेरकडचे, बोलणं अहिराणी, त्यांनी आधी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "पानी पडू दे माय, माटी बठू दे, मंग ये." भाऊ थोडा नाराज झाला, मी पण झाले, पण त्यांनी जे समजावलं ते प्रत्येकाने ऐकण्यासारखं आहे. आपल्याकडची जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती पाणी पिऊन फुगते. कबर खोदून परत भरलेली माती तर आणखीच भुसभुशीत, ती पहिल्या पावसात खाली बसणारच. त्यावर मे महिन्यात दोन-तीन क्विंटलचा दगड ठेवला तर ऑगस्टपर्यंत तो तिरका झालाच म्हणून समजा, मग सिमेंट फुटतं, मग लोक परत परत डागडुजी करत बसतात. निदान एक पावसाळा जाऊ द्यायचा, मग वरची काळी माती काढून मुरूम भरायचा, ठोकून घ्यायचा, त्यावर काँक्रीटचा बेड आणि मग दगड. बाकी दुकानवाले हे सांगत नाहीत कारण गिऱ्हाईक हातचं जातं. यांनी हातात आलेला ॲडव्हान्स परत दिला.

तर आम्ही थांबलो, आणि आता मला वाटतं की मातीपेक्षा जास्त गरज त्या थांबण्याची आम्हाला होती. मे महिन्यात आम्ही जो मजकूर लिहून नेला होता तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. अचानक आम्हांस पोरके करून गेलात, तुमच्याविना जीवन अंधार, आणि खाली शोकाकुल म्हणून सगळ्यांची नावं. त्या वेळी ते खरंच होतं, दुःख खरंच तसं होतं आणि प्रभू येशू स्वतः लाजरच्या कबरीपाशी रडला तर आपण रडण्यात कमीपणा काय. पण दिवाळीनंतर, नाताळच्या तयारीत परत मजकुराला बसलो तेव्हा त्यातलं एक वाक्य कोणाच्या तोंडून निघेना. तोपर्यंत घरात पप्पांच्या गोष्टी निघायला लागल्या होत्या. ते लोको पायलट होते, आयुष्य सगळं इगतपुरी आणि खंडवा, रनिंग रूमचं म्हणजे ड्यूटीवरच्या मुक्कामाचं जेवण, रात्री दोनला ड्यूटीला बोलवायला कॉल बॉय दारात. सणाला घरी असतील याची कधी गॅरंटी नाही. पण एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला ते ज्या ज्या वर्षी भुसावळात असायचे त्या त्या वर्षी साक्ष द्यायला उभे राहायचे आणि त्यांची सुरुवात ठरलेली, देवाने इथवर आणलं त्याचे उपकार. मग वर्षभरात काय काय झालं ते सांगायचे, कोणाचं ऑपरेशन, कोणाचं लग्न, कुठे सिग्नल दिसला नाही आणि तरी गाडी वेळेत थांबली. कटू गोष्टीही सांगायचे आणि शेवटी परत उपकारच मानायचे. लहानपणी आम्हाला कंटाळा यायचा कारण साक्ष लांबायची आणि बाहेर केक आणि चहा थांबलेला असायचा. या डिसेंबरला त्यांची जागा रिकामी होती आणि आई उभी राहिली, जी आयुष्यात कधी मंडळीसमोर बोलली नव्हती, आणि तिने तसंच म्हटलं, इथवर आणलं.

त्याच रात्री दगडावरचं वचन ठरलं. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात सातव्या अध्यायात आहे, पलिष्टी या शत्रूंपासून सुटका झाल्यावर शमुवेल संदेष्टा मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये एक धोंडा उभा करतो, एबन-एजर म्हणजे साहाय्याचा धोंडा, आणि म्हणतो येथवर परमेश्वराने साहाय्य केलं. मला यात जे आवडतं ते म्हणजे शमुवेल पुढचं काही बोलत नाही. पुढे लढाया आहेत, पुढे शौल राजा आहे, पुढे त्याची स्वतःची पोरं बिघडतात, त्याला काय काय बघायला लागणार होतं, पण तो दगड फक्त झालेल्या वाटेबद्दल उभा आहे. तसंच यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देन नदीतून उचललेले बारा धोंडे गिलगालात मांडले जातात आणि कारण काय तर उद्या मुलं विचारतील हे धोंडे कशाचे, तेव्हा सांगता यावं. म्हणजे शास्त्रातसुद्धा दगड उभा करायचा तो नुसतं मेलेल्याचं नाव राहावं म्हणून नाही, मुलांनी विचारावं आणि घरच्यांनी देवाने काय केलं ते सांगावं म्हणून. माझा भाचा सात वर्षांचा आहे आणि त्याने विचारलंच, आजोबांच्या वर हे काय लिहिलंय, आणि माझ्या भावाने सेमेटरीत उभं राहून त्याला खंडव्याच्या लाइनची गोष्ट सांगितली. अचानक पोरके करून गेलात लिहिलं असतं तर काय सांगितलं असतं त्याला.

आता दगडाबद्दल. आमच्या घरात आधी पांढऱ्या मार्बलचं चाललं होतं कारण जुन्या कबरी तशाच आहेत आणि दिसायला पवित्र वाटतं. मिस्तरींनी एक मार्बलचा तुकडा घेतला, त्यावर लिंबू पिळलं आणि थोड्या वेळाने पुसून दाखवलं, तिथली चकाकी गेलेली. मार्बल म्हणजे चुनखडीच, आंबट पडलं की खाल्लं जातं, आणि कबरीवर फुलं कुजतात, पक्षी बसतात, मेणबत्तीचं मेण पडतं, ते काढायला कोणीतरी टॉयलेट क्लीनर घेऊन घासतं की झालं. काळा ग्रॅनाइट महाग पडतो पण टिकतो. शहाबादी स्वस्त आहे, पातळ आहे, तिचे पापुद्रे सुटतात, ती बाजूच्या कठड्याला वापरा म्हणाले, अक्षरांना नको. ग्रॅनाइटचा एकच त्रास, आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा दुपारी त्यावर हात ठेवता येत नाही, म्हणून उन्हाळ्यात फुलं ठेवायला सकाळीच जा.

भुसावळच्या सेमेटरीत रेल्वेच्या जुन्या साहेब लोकांच्या कबरी आहेत, १८७० मध्ये जबलपूरवरून कलकत्त्यापर्यंत लाइन जोडली गेली त्यानंतर हे जंक्शन वाढलं आणि त्या काळातली कित्येक माणसं इथेच मातीत गेली, काही तर अगदी तान्ही बाळं. त्यातल्या काही मार्बलच्या पाट्यांवर अक्षरांच्या जागी बारीक बारीक भोकं दिसतात. मला नेहमी वाटायचं किडे लागलेत. मिस्तरींनी सांगितलं की तेव्हा दगडात भोकं पाडून त्यात शिसं ठोकून अक्षरं बसवायचे, शिसं पडून गेलं आणि भोकं राहिली. आता ते नाव वाचायला कोणी नाही, वाचता आलं तरी ओळखणारं कोणी नाही. नव्वदाव्या स्तोत्रात मोशे जे म्हणतो, सत्तर वर्षं आणि फार झालं तर ऐंशी आणि मग आपण उडून जातो, ते तिथे उभं राहून फार खरं वाटतं, पण त्याच स्तोत्रात तो देवाला पिढ्यान्पिढ्यांचं निवासस्थान म्हणतो हे पण तिथेच उभं राहून कळतं. त्या बाळाचं नाव देवाला माहीत आहे. माझा विश्वास आहे तसा, आणि म्हणूनच मला त्या भोकांची भीती वाटली नाही.

अक्षरांचं काम हे या मिस्तरींचं खरं बळ. तीन पद्धती आहेत. लेझरने काळ्या ग्रॅनाइटवर फोटोसुद्धा मस्त येतो, वरचं पॉलिश फुटतं आणि तिथे पांढरट दिसतं, पण त्याला खोली नसते, वर्षानुवर्षं धूळ घासून पुसट होत जातो. दुसरी, स्टेन्सिल चिकटवून वाळूचा मारा, बहुतेक ठिकाणी हीच चालते, बरी आहे. तिसरी हाताने छिन्नीने. आम्ही नाव आणि वचन हाताने घेतलं आणि तारखा वाळूच्या माऱ्याने, म्हणजे खर्च आवाक्यात राहतो, कारण हाताचं काम अक्षरावर मोजतात आणि जोडाक्षराला जास्त पडतं. ख्रिस्त, प्रभू, क्रूस, आपले सगळे शब्द जोडाक्षरांचेच आहेत.

इथे एक गोष्ट नीट बघा. मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला की डीटीपीवाला तो त्यांच्या जुन्या फाँटमध्ये फिरवतो आणि तिथे मात्रा उड्या मारतात, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन बसते, रफार हरवतो. आमच्या पहिल्या प्रिंटमध्ये वचनातला शब्द असा काही आला होता की वाचवेना. हा डीटीपीवाला बाहेरचा आहे, मिस्तरींचा माणूस नाही, आणि मिस्तरींनी तो प्रिंट तसाच दगडावर घेतला नाही हे महत्त्वाचं. त्यांची पद्धत अशी की खडूने पूर्ण मजकूर दगडावर काढतात आणि घरच्यांना समोर बसवून मोठ्याने वाचायला लावतात, एक एक अक्षर, बोट ठेवून. आईने वाचलं. तिला वाचायला वेळ लागतो, चष्मा पुसत पुसत तिने पप्पांचं नाव वाचलं, मग वचन वाचलं, आणि मिस्तरी छिन्नी हातात धरून गप्प बसून होते, एकदाही घाई केली नाही. मग विचारलं, हा शमुवेल कोण होता. आईने सांगितलं. ते म्हणाले, हे तर कोणाच्याही दगडावर शोभेल.

तारखेवरून मात्र घरात बराच वेळ गेला. पप्पांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून. त्या पिढीतल्या किती जणांची एक जून आहे ते तुम्हाला माहितीच आहे, मास्तर नाव घालताना टाकून द्यायचे. रेल्वेच्या सर्व्हिस बुकात तीच, रिटायरमेंट तीच धरून, पेन्शन तीच धरून. मिस्तरींनीच विचारलं, शाळेची तारीख टाकायची का खरी. मग मंडळीचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढलं, पाळक साहेबांनी कपाटातून काढून दिलं, शाईचा निळा रंग तपकिरी पडलेला, आणि तिथे पप्पांच्या जन्माची खरी तारीख होती, जानेवारीतली, नाताळाची पताका अजून उतरली नसेल अशा दिवसांतली. म्हणजे माणूस आयुष्यभर सरकारी कागदावर पाच महिने लहान होता आणि देवाच्या घरातल्या वहीत बरोबर लिहिलेला होता. आम्ही रजिस्टरची तारीख कोरली. सगळ्यांना सांगते, तुमच्या म्हाताऱ्या माणसांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आत्ताच जाऊन बघा, फोटो काढून ठेवा, ती रजिस्टरं वाळवी आणि ओल यांच्या भरवशावर आहेत.

खाली शोकाकुल म्हणून नावं टाकायची का, यावर मिस्तरी काही बोलत नाहीत, तुमची मर्जी म्हणतात, जितकी अक्षरं तितके पैसे त्यांनाच मिळतात. आम्ही एकही नाव टाकलं नाही. आपल्या जवळ अजिंठा आहे, तिथे दहाव्या लेणीच्या खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली आपलं नाव आणि तारीख खरडून ठेवलीये, आणि ज्यांनी ती सगळी लेणी छिन्नीने खोदली त्या कारागिरांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. मला त्या खोदणाऱ्यांच्या रांगेत असलेलं जास्त आवडेल. फक्त आईची जागा सोडलीये, दगडाचा खालचा अर्धा भाग कोरा, ही तिचीच इच्छा. मिस्तरींनी तेवढा भाग पॉलिश करून ठेवला आणि सांगितलं की पुढे कोरायची वेळ येईल तेव्हा दगड उचलायची गरज नाही, जागेवर येऊन करतील ते किंवा त्यांचा पोरगा.

कमी काय ते पण सांगते. दिलेल्या तारखेला काम होत नाही, आमचं पण लांबलं, फोन उचलत नाहीत कारण हातात मशीन असतं, जाऊनच बसावं लागतं. पक्कं बिल मागितलं तर कुरकुर करतात, वहीच्या पानावर लिहून देतात. अक्षरांत भरलेला सोनेरी रंग ऑइल पेंटच आहे, आपल्या उन्हात तो फिका पडणार आणि दर काही वर्षांनी परत भरावा लागणार, हे ते आधीच सांगतात पण त्यावर चांगला उपाय त्यांच्याकडे नाही. आम्ही शेवटी पांढरा भरला, काळ्यावर लांबून वाचता येतो. शेडमध्ये धूळ एवढी उडते की दमा असलेल्यांनी आत जाऊ नये, आणि त्यांनी स्वतः तोंडाला नुसतं फडकं बांधलेलं असतं, ग्रॅनाइटची बारीक धूळ फुफ्फुसात बसते, मी नीट मास्क आणून दिला, वापरतात का माहीत नाही. खर्च दगड, कोरणं, मुरूम, बेड, गाडीभाडं धरून पंधरा हजाराच्या आसपास गेला. याहून स्वस्तात होतं, पण मी परत इथेच जाईन. पाचपैकी साडेचार.

दगड बसवला त्या दिवशी मंडळीतली थोडी माणसं आली, पाळक साहेबांनी प्रार्थना केली, ना. वा. टिळकांचं एक भजन झालं आणि उपकारस्तुतीला प्रत्येकाने पप्पांबद्दल एकेक गोष्ट सांगितली. त्यांच्याबरोबर असिस्टंट म्हणून गेलेले एक काका, जे आपल्या मंडळीतले नाहीत, तेही आले होते आणि सगळ्यात जास्त तेच बोलले. मिस्तरी आणि त्यांचा पोरगा लेव्हल लावून होईपर्यंत थांबले, पाण्याची बाटली आडवी ठेवून उतार बघितला म्हणजे पावसाचं पाणी नावावर साचायला नको, मग आमच्यासोबत खाली बसून चहा घेतला.

ऑर्डर द्यायची असेल तर ईस्टरच्या आणि दोन नोव्हेंबरच्या आधी दोन महिने जा, कारण तेव्हा सगळ्यांनाच कबर सजवायची असते आणि खूप गर्दी होते. बाप्तिस्मा रजिस्टरची नक्कल, वचनाचा पत्ता अध्याय आणि ओवीसकट, आणि नाव कसं लिहायचं ते हाताने मोठ्या अक्षरात कागदावर लिहून न्या, फोनवरून नको. खडूचा मजकूर वाचायला तिसरी-चौथीतलं एखादं पोर सोबत घ्या, मोठी माणसं जे असायला हवं ते वाचतात आणि पोरं जे लिहिलंय ते वाचतात.